सरत्याची दोरी

निरगाठ होती ती... लाल दोऱ्याची, ज्वारीच्या दाण्याएवढी, त्या हातभर तिफणीच्या मागच्या आडव्या लाकडाला आवळून बसलेली. तिच्याखाली करंगळीएवढी बांबूची नळी लोंबत होती आणि खिडकीतून वारा आला की हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. अदालतीच्या टेबलावर पुरावा म्हणून मांडलेले ते खेळण्यासारखे पेरणीचे औत श्रीपतराव मघापासून बघत होते, आणि बाकी सगळे त्यांना पटले होते. सागवान चांगले, फण नेमक्या बाकाचे, वरचे बी टाकायचे चाडेसुद्धा कातून गुळगुळीत केलेले. ज्याने हे केले तो सुतार हातचा नक्कीच चांगला होता. पण शेतात सरत्याची दोरी कोणी निरगाठीने बांधत नाही, सुरगाठीने बांधतात, ओढली की सुटावी म्हणून. हे त्यांच्या डोक्यात आले, खटकले, आणि त्यांनी ते बाजूला सारले. गाठीबद्दल कोण विचारणार होते?

विचारणार होते ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दासाठीच बिदरच्या मैलूरमधून त्यांना इथे गुलबर्ग्याला बोलावले होते. शेतकी खात्यात सारी नोकरी त्यांनी जत्रेच्या प्रदर्शनांत औतांपाशी उभे राहून काढली होती. कुठला फण कुठल्या जमिनीला, कुठले चाडे कुठल्या बियाण्याला, हे सांगत. आता पेन्शनीत बसले तरी औताचा वाद निघाला की माणसे म्हणायची, श्रीपतरावांना विचारा. आणि श्रीपतराव सांगायचे. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेले कोणी ऐकले नव्हते. त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनीही नाही, आणि ती तर सगळ्यात जास्त ऐकणारी.

खटला त्यांच्या व्याह्यांचा होता. निंबर्ग्याचे गुंडेराव, ज्यांच्या घरात श्रीपतरावांची लेक राजूबाई दिलेली. ज्वारीत तूर पेरायची तर तिफणीच्या मागून एक बाई सुटी पोकळ नळी हातात धरून फणाने पाडलेल्या तासात चालते आणि त्या नळीतून तुरीचे दाणे सोडत जाते. ती नळी म्हणजे सरते, आणि ते दोरीने तिफणीला बांधलेले असते. गुंडेरावांनी काय केले, की दोरी काढून टाकली, लोखंडी नळी स्क्रूने तिफणीलाच बसवली, वर पत्र्याची पेटी ठेवली; मागे बाईच लागत नाही. युक्ती खरोखरच छान होती. हैदराबादेहून त्यांना पेटंटाची सनद मिळाली आणि तीत लिहिले होते की ‘तिफणीस जोडलेल्या वेगळ्या नळीतून’ दुसरे धान्य पेरण्याची युक्ती ही यांची, इतरांनी करू नये. आता आळंदचा लिंगाप्पा सुतार तसलीच पत्र्याची पेटी सरत्यावर बसवून विकायला लागला होता, फक्त त्याची नळी जुन्यासारखी दोरीनेच बांधलेली. दोरीने बांधलेली नळी ही ‘जोडलेली’ नळी धरायची की नाही, एवढाच प्रश्न. धरली तर लिंगाप्पाचे दुकान बंद. नाही धरली तर गुंडेरावांची सनद म्हणजे नुसता कागद.

सकाळी कचेरीच्या आवारात चहा पाजताना गुंडेरावांनी फार काही सांगितले नव्हते. “व्याही, तुम्ही नुसतं व्हय म्हना. बाकी आमचे वकील बघतेत.” आणि मग, बशी ओठाला लावून, “राजूबाईला संक्रांतीला धाडतो म्हनलं हाय मी.” या दोन वाक्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. श्रीपतरावांनी तो जोडलाही नाही... पण बशीतला चहा मात्र जरा जास्तच गोड लागला. तसे त्यांना व्हय म्हणायला काहीच अडचण नव्हती. त्यांचे मतच तसे होते. खोटे बोलायची वेळच नव्हती, आणि खऱ्याचे खरे बोलून व्याही खूश होत असतील तर दुधात साखर. कोपऱ्यात चिंचेखाली लिंगाप्पा उभा होता, डोक्याला नवा पटका बांधून. सासुरवाडीला निघाल्यासारखा दिसत होता. त्याने लांबूनच नमस्कार केला. श्रीपतरावांनीही केला, जरा घाईने.

वाक्य तर हुमनाबाद यायच्या आतच तयार झाले होते. काल सर्व्हिस मोटारीत बसल्या बसल्या त्यांनी ते तासले, घासले, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले, आणि आज गुंडेरावांच्या वकिलाने विचारताच नीट उभे राहून सांगितले, “दोरी काय, साखळी काय, स्क्रू काय, जे औताबरोबर चालतं ते औताला जोडलेलं.” पेशकाराने, अदालतीच्या कारकुनाने, त्याचे उर्दू केले. जजसाहेबांनी मान हलवली. मराठीपेक्षा उर्दूत ते आणखीच भारदस्त वाटले, आणि श्रीपतरावांच्या मनात आले की हे सत्यभामाबाईंनी ऐकायला हवे होते. काल निघताना धपाटे बांधून देताना त्या म्हणाल्या होत्या, “एका शब्दाचा अर्थ सांगायला बिदरहून माणूस न्यायलेत? गुलबर्ग्यात कुनाला मराठी येत न्हाई व्हय?” आणि हसल्या होत्या, तोंडावर पदर न घेता, मोकळ्या. हल्ली तशाच हसतात. पूर्वी...

लिंगाप्पाचे वकील गुरुशांतप्पा उठले. बारीक अंगाचा, शांत माणूस. कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही एकाच चालीत बोलणारा. “राव, तुमचं वाक्य मला लई आवडलं,” ते म्हणाले. “जे औताबरोबर चालतं ते जोडलेलं. मग मागची बाई बी औताबरोबर चालतेच की. ती बी जोडलेली धरायची का?”

लोक हसले. श्रीपतरावही हसले, कारण प्रश्न खरेच चांगला होता. त्यांच्या स्वभावातच ते होते, चांगला प्रश्न दिसला की चांगला बैल दिसल्यासारखे त्यांना वाटे, मग तो दुसऱ्याच्या दावणीचा का असेना. “बाई मानूस हाय,” ते म्हणाले. “मानसाला औतात धरीत नसतेत.”

“बरं. आन् दोरीनं बांधलं तरी जोडलेलंच, असं तुमचं म्हननं. मग आमच्या आज्या-पणज्या दोरीच्या सरत्यानं तूर पेरत आल्या, त्या समद्या तुमच्या व्याह्यांची चोरी करत आल्या म्हना की. व्याही जल्माला यायच्या आधीपासून.”

आता जजसाहेबही हसले. गुंडेराव तेवढे हसले नाहीत. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच: दोरी जोडलेली म्हटली तर युक्ती जुनी ठरते, नाही म्हटली तर लिंगाप्पा सुटतो. श्रीपतरावांना एकदम उकडायला लागले, मार्गशीर्षातल्या वाऱ्यात. आणि तरी आतून कुठे तरी गंमतही वाटत होती, हुतूतूत कोणी पाय धरल्यावर वाटते तशी.

“हे औत बघा,” गुरुशांतप्पा म्हणाले. “वादीनं दोरीच्या सरत्याचा नमुना म्हनून ठेवलेलं हाय. यात समदं बरोबर हाय ना? तुम्ही मोठे जानते. काही चुकलं असंल तर सांगा.”

बरोबर आहे, म्हणायचे आणि सुटायचे. गाठ ती केवढी! पण गाठ त्यांच्याकडे बघत होती. गुंडेरावही बघत होते. आपलेच दात, आपलेच ओठ, राजूबाई, संक्रांत... आणि त्यांच्या तोंडून, नेहमी निघते तसे, विचारले की सांगायचे या सवयीने, निघून गेले, “गाठ चुकली हाय.”

“कामून?”

“निरगाठ मारली हाय. सुरगाठ पायजे.”

“ती कामून? दाखवा की मारून.”

ते पिंजऱ्यातून खाली उतरले. टेबलापाशी गेले. निरगाठ नखाने सुटेना, पेशकाराने चाकू दिला, आणि मग त्यांनी तो लाल दोरा बोटाभोवती घेऊन सुरगाठ मारली. जाडजूड बोटे आणि एवढासा दोरा. नळी उचलली. हे सगळे तसे साधे होते. त्यांनी प्रदर्शनात हजारदा दाखवले होते. पण प्रदर्शनात ते नेहमी पुढच्या बाजूने दाखवत, रुमण्यापाशी, औताच्या मुठीपाशी उभे राहून, हाकणाऱ्याच्या जागेवरून. आज टेबलाच्या अलीकडे उभे असल्यामुळे तिफणीचे तोंड पलीकडे होते आणि त्यांच्या हातात मागचे टोक होते. बाईची जागा. या जागेवर आपण कधी उभेच राहिलो नाही, हे त्यांना उभे राहिल्यावर कळले.

इथून तर हाकणाऱ्याची पाठ दिसते... नुसती पाठ.

लग्नानंतरच्या पहिल्या मृगातली पेरणी. संतपूरचे शेत, काळी जमीन, वाफसा आलेला. नव्या सुनेच्या हातून तुरीचे पहिले तास पेरून घ्यायचे अशी आमच्या घरची रीत, म्हणून ती सरते धरून मागे. हिरवे लुगडे, कपाळाला हळद. मी पुढे, रुमण्यावर हात. आणि मध्ये आई, चाड्यावर मूठ धरून, कान दोन्हीकडे. मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. तिच्याशी तोवर मी दिवसाउजेडी एक शब्द बोललो नव्हतो, बोलायची रीतच नव्हती, आणि मागे वळून बघणे तर... बांधावर मामा होते, चुलते होते, भावकीतले सगळे होते. बायकोकडे वळून बघणारा औतकरी म्हणजे वर्षभर चेष्टेला विषय. म्हणून मी नाकासमोर बघत हाकत होतो, बैलांच्या शिंगांवरून थेट पलीकडच्या बाभळीकडे, आणि माझे सगळे अंग मात्र मागे झाले होते. तिची पावले ऐकू येत नव्हती. ढेकळे, घुंगरे, आईचे पुटपुटणे. आणि मग रुमण्यात काही तरी आले. आधी वाटले फण मुळीत अडकला. पण तसे नव्हते; फण अडकला की लाकूड खालून ओढते. हे मागून होते. हलके, एकदा... थांबून, पुन्हा एकदा. ती दोरी ओढत होती.

मी बैल हळू केले. ओढणे थांबले.

एवढेच झाले होते. पण त्या एवढ्यावर ते दिवसभर तरंगत होते, वळणावर शीळ घालत होते, आणि आई म्हणाली होती, आज बैल कामून असे नाचत चाललेत रे. त्यानंतर दरवर्षी पेरणीत ती एकदा तरी दोरी ओढायची आणि ते हळू करायचे. आईदेखत, मामादेखत, सगळ्या भावकीच्या नाकावर टिच्चून. पुढे नोकरी लागली, शेत बटाईने दिले, बिदरला बिऱ्हाड झाले, बोलायला घरभर मोकळीक झाली. आणि दोरीचे ते कधी बोलण्यात आलेच नाही. विसरलो नव्हतो. विषय निघाला नाही.

“राव,” गुरुशांतप्पा म्हणत होते, “नळीला वढतंय कोन? दोरी का?”

“न्हाई,” श्रीपतराव म्हणाले. “नळी बाईच्या हातात ऱ्हाती. दोरी ढिली पायजे. दोरी ताठ झाली की नळी उचलती, तास मोडतंय, तूर वाकडी पडती.”

“मग दोरी वढायची न्हाई, तर बांधायची कशाला?”

जजसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि स्वतःच विचारले, “हां, गवाह, रस्सी किस काम की?”

खात्याचे उत्तर त्यांना पाठ होते: नळी शेतात विसरू नये म्हणून. तेही खरे होते. पण शपथ घेतली होती आणि हातात मागचे टोक होते, आणि तोंडातून शब्द गेले ते असे, “सांगायला, साहेब. मागचीनं पुढच्याला सांगायला.”

पेशकाराने उर्दू करायला तोंड उघडले आणि मिटले.

“काय सांगायला?” गुरुशांतप्पांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“बैल हळू करा म्हनून.”

“हे तुम्हाला कसं कळलं? कुनी सांगितलं?”

“वढली की मी हळू करायचो. आन् वढणं थांबायचं.” आणि मग त्यांच्या लक्षात आले की भर अदालतीत त्यांनी ‘मी’ म्हटले आहे, आणि मी म्हटल्यावर मागची कोण हे आता कचेरीतल्या शिपायालाही कळले आहे, आणि पंचावन्न उलटली तरी त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुंडेराव वर छताकडे बघत होते. लिंगाप्पाने पटक्याचे टोक तोंडात धरले होते.

“म्हंजे त्या बाईनं तोंडानं कधी सांगितलं न्हाई, का दोरी वढली म्हंजे हळू करा?”

“न्हाई.”

“तुम्ही कधी इचारलं?”

“...न्हाई.”

“मग हा अर्थ तिचा का तुमचा, राव?”

हा प्रश्न वकिलाने जिंकण्यासाठी विचारला होता. उत्तर काहीही आले तरी त्याचे काम झाले होते. ‘माझाच’ म्हटले तर जाणत्या साक्षीदाराचा अर्थ हा घरगुती अंदाज ठरत होता. ‘तिचा’ म्हणायला पुरावा नव्हता. श्रीपतरावांनी नळी अलगद खाली ठेवली. त्यांना राग आला नाही. सुरगाठ ओढल्यावर सुटते तसे त्यांच्या आत काही तरी सळकन सुटले होते, आणि ते खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत म्हणाले, “मला ठाऊक न्हाई.”

पेशकाराने तेही लिहून घेतले. पुढची तारीख माघातली पडली.

बाहेर दोन्ही वकील खूश होते. एक म्हणत होता, दोरीतून पुढच्यामागच्याचा संबंध राहतो हे साक्षीत आले, म्हणजे जोडलेलीच. दुसरा म्हणत होता, दोरीने नळी ओढली जात नाही हे आले, म्हणजे सुटीच. लिंगाप्पा पाया पडायला आला तेव्हा श्रीपतरावांनी त्याला थांबवले. “तुझ्यासाठी न्हाई बोललो बाबा. व्याह्यांसाठी बी न्हाई. काय झालं ते मला बी कळायलं न्हाई.” त्याला ते पटले नसावे, पण तो हसला, आणि जाताना म्हणाला, “अण्णा, गाठ मात्र बरोबर मारलाव.”

गुंडेराव मोटारीच्या अड्ड्यापर्यंत सोबत आले, पण चार पावले पुढेच चालत होते. संक्रांत गेली, श्रीपतरावांनी मनाशी म्हटले. लेकीचे येणे गेले, आणि ते एका गाठीपायी. वाईट वाटले. खरेच वाटले. मोटार लागली, पोत्यांवर पोती चढली, आणि तेव्हा कुठे गुंडेराव खिडकीशी आले, इकडेतिकडे बघितले आणि हळूच म्हणाले, “व्याही, एक इचारू? आमच्या कारभारनीनं, चंद्रभागाबाईनं बी कधी वढली असंल का हो दोरी?”

“मला काय ठाऊक. तुम्ही औत हाकत होताव.”

“मला तर कधी कळलं न्हाई. बैल तेज होते आमचे.” गुंडेरावांनी खिडकीची दांडी धरली. “आन् मी तिथं लोखंड बसवून ठिवलं की हो.” त्यांच्या तोंडावर असा काही भाव होता की श्रीपतरावांना हसू आवरेना, आणि ते हसल्यावर व्याहीही हसले, आधी ओठांत, मग पोट धरून. मोटार हलल्यावर मागून ओरडून म्हणाले, “राजूबाईला धाडतो हो. तिचं काय त्यात.”

गाव मागे पडले. उन्हे कलली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी निघून गेली होती, आणि धसकटांतून तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या होत्या, शेंगांनी लगडलेल्या, लांबच लांब. एरवी त्यांनी या ओळींकडे बघून लगेच सांगितले असते, हा फण सैल, ही जमीन चिबड, इथे बैल नवे. आज ते नुसते बघत होते. प्रत्येक ओळ म्हणजे कोणी तरी मागून चालत गेलेली. संतपूरच्या त्या पहिल्या वर्षीच्या ओळीत एका जागी बाक होता. सगळे शेत सरळ आणि एवढीच जागा मोडलेली; आई यायच्या-जायच्याला दाखवायची, सूनबाईचा हात बघा. सत्यभामा काही बोलली नव्हती. मीही नाही. तूर खळ्यावर जाईपर्यंत तो बाक उभा होता... म्हणजे तिला ठाऊक असणार, दोरी ओढली की तास मोडते. सासू चार पावलांवर असताना, पहिल्याच दिवशी, बोल लागणार हे माहीत असून तिने ओढली. नुसते बैल हळू करायला?

पायात काटा गेला असेल. किंवा ओटीतली तूर संपली असेल. किंवा... आणि इथे ते बाकावर असे सरसावून बसले की शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली. किंवा मागे बघा म्हणाली असेल. एवढे हिरवे लुगडे नेसून, हळद लावून कोणी तरी तुमच्या मागून चाललेय, आणि तुम्ही बाभळीकडे कामून बघायलाव? आणि मी काय केले, तर बैल हळू केले. दरवर्षी. ती ओढायची आणि हा बाबा मोठ्या प्रेमाने बैल हळू करायचा. आणि ती थांबायची ते समाधान झाले म्हणून, की असू दे, याला कळायचे नाही, म्हणून? त्यांना हसू फुटले. डोळ्यांत पाणीही आले, आणि ते पुसताना आणखी हसू आले.

विचारायचे तिला, आज. पण विचारले आणि ती म्हणाली, कवा वो? मला तर आठवत बी न्हाई... तर? हा विचार मात्र टोचला. किंवा काही भलतेच निघाले तर माघात पुन्हा गुलबर्ग्याला जाऊन सांगावे लागेल की साहेब, अर्थ चुकला होता, दुरुस्त करून घ्या. तेही चालेल.

एकाएकी मानेमागे त्यांना काही तरी जाणवले, किंवा जाणवावे असे वाटले, आणि श्रीपतराव बाकावर पुरते वळून मागे बघायला लागले. मागे एक म्हातारी होती, मांडीवर वांग्यांची पाटी, आणि तिच्यापलीकडे काचेतून धूळ, आणि धुळीत मागे मागे जाणारा रस्ता. म्हातारी जरा चपापली.

“काय बघायलाव, अण्णा? कुनी ऱ्हायलं का मागं?”

“न्हाई,” ते म्हणाले. “असंच. बघायचं ऱ्हायलं होतं.”

तिला ते पुरले. तिने पाटी सावरली आणि खिडकीकडे तोंड केले. मान दुखायला लागली तरी श्रीपतराव तसेच बसून राहिले, बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकून. बिदर यायला अजून वेळ होता. गेल्यावर लगेच विचारायचे की आधी नुसते समोर बसून घ्यायचे, हे त्यांचे ठरले नव्हते. आणि असे काही न ठरलेले बरोबर घेऊन ते आजवर कधी घरी गेले नव्हते.